विमानानं एक तास, अक्काबरोबर पावणेअकरा

सोलापूर ते गोवा हे अंतर विमानानं साधारण एका तासाचं आहे. मला ते कापायला पावणेअकरा तास लागले, आणि त्यातलं एक मिनिटही मी विमानात नव्हतो. तिकीट मात्र माझ्याकडं होतं. खिडकीजवळचं.

मी भूगोलाचा मास्तर. आता निवृत्त झालोय, पण भूगोल काही माझ्यातून निवृत्त झालेला नाही. कुणी नुसतं "जरा तुळजापूरला जाऊन येतो" म्हणालं, तरी मी त्याला अंतर, वेळ, दिशा आणि वाटेत लागणारे नाले सांगितल्याशिवाय सोडत नाही. (माझी बायको सुनंदा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, "ह्यांच्यासमोर गावाचं नाव काढू नका, चहा गार होईल.")

तर आमची मुलगी श्वेता गोव्यात नोकरीला. तिथंच तिनं विनायक नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, घर चांगलं, म्हापशाला त्यांचं स्वतःचं बैठं घर. साखरपुडा त्यांच्याकडं, संध्याकाळी सातला, असं ठरलं. विनायकच्या वडिलांचा मला फोन आला. मृदू बोलणारा माणूस. ते म्हणाले, "रस्त्यानं दहा तास लागतात म्हणे सोलापूरहून. तुम्हांला त्रास होईल हो. आदल्या दिवशीच या, विश्रांती घ्या."

आता यावर "बरं, येतो" एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, "छे छे, दहा तास कसले? आता आमच्याकडं विमान आहे. त्याच दिवशी सकाळी निघतो. एक तास. तुमच्याकडं नाश्त्याला पोचतो."

सुनंदा शेजारीच लसूण सोलत होती. तिनं पाकळी सालांत टाकली आणि साल वाटीत.

आमच्या दोघांचीही विमानात बसायची ही पहिलीच वेळ. पण मी पंधरा दिवस असा वावरत होतो, की जणू माझा जन्मच ढगात झाला. गल्लीतल्या प्रत्येकाला मी थांबवून सांगितलं. रस्त्यानं सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, मध्ये नद्या, मध्ये घाट. वरून सरळ रेषा. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मी वर्गात तीस वर्षं सांगितलं, पण ते अनुभवायची संधी आता आली, वगैरे. इस्त्रीवाल्यानं तर माझा कोट दोन दिवस आधीच आणून दिला. पुन्हा ऐकायची त्याची तयारी नव्हती.

आता अक्काविषयी सांगितलं पाहिजे.

गौराक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. होटगीच्या पुढं एका खेड्यात दिलेली. शाळा चौथीपर्यंत. भावजींची नजर अधू झाली तेव्हा घरात एक जुनी पिकअप होती आणि ती चालवणारं कुणी नव्हतं. अक्का तेव्हा पंचावन्नची. तिनं पदर खोचला, गावाबाहेरच्या माळावर आठ दिवस गाडी मागंपुढं केली आणि नवव्या दिवशी भाजी घेऊन सोलापूरच्या बाजारात आली. लायसन नंतर रीतसर काढलं. आता ती गावातल्या सात-आठ बायकांना घेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते, आणि माल पोचवायला स्वतः जाते. मराठी बोलते, कन्नड बोलते, आणि डोकं तर असं, की शंभरेक फोन नंबर तिला पाठ.

साखरपुड्यासाठी तिनं पाचशे कडक भाकऱ्या, चटणीचे डबे आणि शेंगापोळ्या केल्या होत्या. त्या विमानानं नेता येणार नव्हत्या, म्हणून ती पिकअपनं येणार होती. मी म्हणालो होतो, "अक्का, तू आदल्या दिवशीच नीघ. तुला वेळ लागेल." ती म्हणाली, "आदल्या दिवशी न्हाय. ताज्या पोळ्या पायजेत. आन् तुमचं विमान उडल्याबिगर मी हितनं हालत न्हाय. माझा भाऊ विमानातनं जाणार, मला बघायचं हाय."

त्या दिवशी पहाटे उठून तीच आम्हांला विमानतळावर सोडायला आली. विमान आठ चाळीसला. मी पावणेसातलाच हजर. अक्का म्हणाली, "त्यो ओटीचा नारळ माझ्याकडं दे, मल्लू. मी आणते."

हा नारळ म्हणजे सिद्धेश्वराच्या देवळातून पूजा करून आणलेला. श्वेताची ओटी त्यानंच भरायची, असं अक्कानंच ठरवलेलं. मी म्हणालो, "नको. तुझ्या गाडीत आदळआपट होऊन फुटायचा. विमानात धक्का बसत नाही." आणि नारळ माझ्या हातातल्या बॅगेत ठेवला.

अक्का गाडी घेऊन बाहेर रस्त्याकडेला गेली. तिथल्या कडुनिंबाखाली उभं राहून धावपट्टीचा तुकडा दिसतो, हे तिनं आदल्या आठवड्यातच येऊन बघून ठेवलं होतं.

आत सगळं झकास चाललं होतं. मोठी बॅग, म्हणजे आमचे दोघांचे कपडे, सुनंदाच्या नावावर जमा झाली. मग तपासणी. तिथल्या जवानानं सांगितलं, कोट काढा, फोन काढा, पाकीट काढा, सगळं ट्रेमध्ये ठेवा. मी ठेवलं. तिकीट कोटात. आधारकार्ड कोटात. फोन कोटात. साखरपुड्याची अंगठी, डबीसकट, तीही कोटाच्या आतल्या खिशात. ट्रे यंत्रातून सरकत पलीकडं गेला. सुनंदा आधीच पलीकडं पोचली होती. तिनं कोट उचलून हातावर घेतला.

आणि माझी बॅग अडकली.

"नारळ आहे?" जवानानं हिंदीत विचारलं.

मी म्हणालो, "देवाचा आहे."

"देवाचा असला तरी केबिनमध्ये चालत नाही. इथं सोडा, नाहीतर बाहेर कुणी असेल तर त्याला देऊन या. वेळ आहे अजून."

माणूस अगदी सभ्यपणे बोलत होता. चूक माझीच. मोठ्या बॅगेत टाकायचा का, हे विचारायला हवं होतं. पण विचारणं हा माझा पिंड नाही, सांगणं हा आहे. ओटीचा नारळ विमानतळावर सोडून जाणं शक्य नव्हतं. अक्का बाहेर होतीच. मी सुनंदाला लांबूनच खूण केली, दोन मिनिटांत येतो. तिनं हातावरचा कोट वर करून दाखवला. मला वाटलं, ती म्हणतेय, "काळजी करू नका, कोट आहे माझ्याकडं." ती खरं तर म्हणत होती, "अहो, कोट तरी घेऊन जा."

मी नारळ घेऊन बाहेर पडलो.

कडुनिंब मला वाटला होता त्यापेक्षा लांब निघाला. (झाडांच्या अंतराबाबत मी नेहमीच जरा कच्चा आहे.) अक्का गाडीच्या टपाला टेकून उभी होती, डोळे धावपट्टीकडं. मला बघून दचकली.

"काय रं? काय झालं?"

"काही नाही. नारळ तुझ्याकडंच राहू दे."

"बरं. दे आन् पळ."

इथं मी पळायला हवं होतं. घड्याळात आठला पाच कमी होते. पण अक्का समोर उभी होती, ती गाडीनं निघणार होती आणि मी विमानानं. असा योग पुन्हा येणार नव्हता. मी म्हणालो, "अक्का, तुला एक गंमत सांगतो. तू आता निघालीस की विजापूर गाठेपर्यंत मी गोव्यात आंघोळ करून बसलेला असेन. तू जमखंडीला असशील तेव्हा माझी दुपारची झोप सुरू होईल." मग मी तिला विमानाचा वेग सांगितला. गाडीचा वेग सांगितला. दोन्हींचं गुणोत्तर सांगितलं. पिकअपच्या धूळ बसलेल्या काचेवर बोटानं एक सरळ रेषा आणि एक नागमोडी रेषा काढून दाखवली.

अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजं नाव घ्यायलेत बग तितं."

खरंच. वाऱ्यावर ध्वनिक्षेपकाचा आवाज येत होता, आणि त्यात माझं नाव होतं. आडनावासकट.

मी धावलो. आयुष्यात शेवटचा धावलो होतो तो शाळेच्या क्रीडा महोत्सवात, तोही शिट्टी फुंकत. दारावर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं. दारावरच्या जवानानं विचारलं, "तिकीट?"

"कोटात आहे."

"ओळखपत्र?"

"कोटात."

"कोट कुठं आहे?"

"आत. बायकोकडं."

"मग बायकोला फोन लावा."

"फोनही कोटात आहे."

तो म्हणाला, "थांबा, मी आत निरोप देतो." बिचारा खरंच गेला. निरोप गेला, कुणीतरी येऊन मला बघून गेलं, पुन्हा आत गेलं. पण तोवर विमानाचं दार लागलं होतं. मी काचेला नाक लावून उभा होतो. सुनंदा कुठं दिसेना.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. माझं नाव पुकारलं जात होतं तेव्हा तिथल्या मुलीनं सुनंदाला विचारलं, "मॅडम, तुम्ही थांबणार की जाणार?" सुनंदा कधी एकटी पुण्यालासुद्धा गेलेली नाही. तिनं कोटाचा आतला खिसा चाचपला, डबी आहे याची खात्री केली आणि सांगितलं, "मी जाणार. साखरपुड्याला बाप उशिरा आला तरी चालतं. अंगठी उशिरा येऊन चालत नाही."

मी परत कडुनिंबाखाली आलो. अक्का तशीच उभी होती. थोड्या वेळानं धावपट्टीच्या टोकाला विमान दिसलं, मोठा आवाज झाला, आणि ते आमच्या डोक्यावरून वळण घेत वर गेलं. अक्कानं हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"लई छान उडलं की रं," ती म्हणाली. "आता बस गाडीत."

बस. एवढंच. त्या दिवशी माझ्या बावळटपणाबद्दल अक्का एक शब्द बोलली असेल तर शपथ. तिनं दरवाजा उघडला, सीटवरचा चटणीचा डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

मला पहिली चिंता सुनंदाला कळवायची. अक्काचा फोन साधा बटणांचा. पण सुनंदाचा नंबर मला आठवेना. तीस वर्षांचा संसार, आणि नंबर कोटात! अक्कानं गाडी चालवता चालवताच दहा आकडे म्हणून दाखवले. अर्थात तो फोन बंदच लागत होता, कारण सुनंदा ढगात होती. झळकी जवळ आली तेव्हा तिचाच फोन आला.

"मी पोचले," ती म्हणाली. "श्वेता घ्यायला आली होती. चहा झाला. तुम्ही कुठं आहात?"

"झळकी."

"झळकी म्हणजे?"

"सोलापूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. दक्षिणेला."

ती म्हणाली, "अक्कांना म्हणावं, सावकाश चालवा. आणि तुम्ही रस्ता सांगू नका त्यांना."

हे वाक्य मी अक्कापर्यंत अर्धंच पोचवलं.

अक्काची गाडी चालवायची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. ती कुणाला मागं टाकायला जात नाही. एकदा जो वेग धरला तो धरला. शेजारून मोठमोठ्या गाड्या आम्हांला हॉर्न मारत पुढं जायच्या, आणि अर्ध्या तासानं कुठल्यातरी धाब्यावर उभ्या दिसायच्या. अक्का थांबत नव्हती. जेवणसुद्धा गाडीतच. मी भाकरी मोडून तिच्या हातात द्यायची, आणि ती एका हातानं खात, नजर रस्त्यावर. विजापूर मागं पडलं, जमखंडी मागं पडली. माझ्या हिशेबात आम्ही ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं पुढं होतो. असं चाललं असतं तर मी आज हे लिहीतही बसलो नसतो.

पण मुधोळ मागं टाकल्यावर एक फाटा आला. मोठा रस्ता डावीकडं वळत होता. एक छोटा रस्ता उजवीकडं, थेट बेळगावच्या दिशेला. माझ्या डोक्यातला नकाशा उघडला.

मी म्हणालो, "अक्का, उजवीकडं घे."

"ह्यो मोठा रस्ता हाय की."

"मोठा आहे, पण वळसा आहे. हा सरळ जातोय. पंधरा किलोमीटर वाचतील."

अक्का थांबली. माझ्याकडं बघितलं. "तू मास्तर हाईस," ती म्हणाली, आणि गाडी उजवीकडं वळवली. सांगतो, तो विश्वास बघून मला आजही कानकोंडं होतं.

पहिले चार किलोमीटर डांबर होतं. पुढं खडी. पुढं नुसती माती. मग दोन्ही बाजूंनी ऊस इतका जवळ आला, की पानं खिडकीतून आत येऊन माझ्या कानाला लागू लागली. आणि मग कालव्याचं पाणी फुटून रस्त्यावर आलेलं. काळी माती. गाडी त्यात शिरली, दोन हात पुढं गेली आणि बसली. बसली म्हणजे म्हशीसारखी बसली.

अक्का म्हणाली, "उतर. मागनं ढकल. जरा बाजूला उबा ऱ्हा, चाकाच्या मागं नगं."

मी चाकाच्या मागं उभा राहिलो. (तिथून जोर थेट लागतो, असं माझं मत.) अक्कानं गाडी रेटली, चाक जागच्या जागी गरगरलं, आणि त्या शेतातली निम्मी माती माझ्या अंगावर आली. डोळे तेवढे उरले. चष्मा होता म्हणून.

अक्का खाली उतरली. मला बघितलं. तिचे ओठ हलले, पण हसली नाही. कालव्याच्या बांधावर गेली आणि हाक घातली, "अण्णाऽ, स्वल्प बर्री!" म्हणजे, दादा, जरा या.

ऊस हलला आणि त्यातून एक माणूस बाहेर आला. मग अक्का आणि तो माणूस कन्नडमध्ये बोलत राहिले. मला कन्नड समजतं, बोलता येत नाही. मी लहानपणीच शिकायला शहरात काकांकडं राहिलो. त्यामुळं तो काय म्हणतोय ते सगळं कळत होतं, आणि उत्तर देता येत नव्हतं. तो विचारत होता, "एवढा मोठा रस्ता सोडून इकडं यायला तुम्हांला सांगितलं कुणी?"

अक्का म्हणाली, "कुणी नाही. माझंच चुकलं."

पाच मिनिटांत तो ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, गाडी ओढून मागं डांबरावर आणली. अक्कानं त्याला दहा कडक भाकऱ्या आणि चटणीचा डबा दिला. त्यानं आम्हांला त्याच्या बोअरवर नेलं. मी पाइपाखाली उभा राहिलो. शर्ट खळबळून गाडीच्या खिडकीला बांधला. पँट मात्र हातात धरली तेव्हा तिच्यातून मातीच बाहेर येत राहिली, कापड काही दिसेना. माझे दुसरे कपडे गोव्यात, कपाटाला टांगलेले.

अक्कानं आहेराची पिशवी उघडली. विनायकच्या आजोबांसाठी तिनं खास धोतर, उपरणं आणि टोपी घेतली होती.

"ह्ये नेस," ती म्हणाली.

"अगं, हा आजोबांचा आहेर आहे."

"मग उगडा जातोस काय म्हापशाला?"

मी जन्मात धोतर नेसलो नव्हतो. शेवटी त्या ट्रॅक्टरवाल्यानंच ते मला नेसवलं, लहान पोराला नेसवतात तसं, दोन्ही हात वर करायला लावून. या सगळ्यात पाऊण तास गेला. माझ्या सरळ रेषेनं वाचवलेले पंधरा किलोमीटर आम्हांला असे पाऊण तासाला पडले.

बेळगावपर्यंत माझ्या मनात काय चाललं होतं ते खरं सांगतो. मला श्वेता दिसत होती. ती सात वाजता दाराकडं बघत असणार. ज्या माणसानं सगळ्या गावाला एक तासाची फुशारकी मारली, तो तिचा बाप, तिच्या साखरपुड्याला नाही. सासरचे काय म्हणतील? तिला काय वाटेल? मी म्हणालो, "अक्का, आपण वेळेत नाही पोचत गं."

ती म्हणाली, "पोचतो की."

"कसं? घाट आहे अजून. अंधारही पडेल."

"मल्लू, तू एक काम कर. आता अंतर मोजू नगंस. नुस्ता बस."

चोर्ला घाटात शिरलो तेव्हा उजेड कमी होत होता आणि खालून धुकं वर येत होतं. समोर दहा पावलांपुढं काही दिसत नव्हतं. अक्कानं दोन्ही खिडक्या खाली घेतल्या. म्हणाली, "दिसत न्हाय तर ऐकायचं." प्रत्येक वळणावर हॉर्न, मग क्षणभर थांबून पलीकडचा आवाज ऐकायचा, मग गाडी वळवायची. चौसष्ट वर्षांची बाई, पायात साध्या चपला, कपाळावर घामाचा थेंब नाही. त्या घाटात एका वळणावर चार आलिशान गाड्या धुक्याला घाबरून कडेला उभ्या होत्या. अक्का त्यांच्याजवळनं पुढं गेली, तशा त्या एकामागून एक तिच्या मागं लागल्या. आमच्या भाकऱ्यांच्या पिकअपच्या मागच्या लाल दिव्याचा माग धरून सगळी रांग घाट उतरली. घाटाखालच्या सांखळी गावाला पोचल्यावर त्यातल्या एकानं काच खाली करून अक्काला हात जोडले. मी आयुष्यभर फळ्यावर घाट काढले; घाट उतरतात कसा, ते त्या संध्याकाळी बघितलं.

म्हापशाला दारात गाडी थांबली तेव्हा सात पंचवीस झाले होते.

मांडवात सगळे बसलेले. मी खाली उतरलो, धोतर सावरत, डागाळलेल्या शर्टावर उपरणं पांघरून. बोलायला काय तोंड होतं? पण विनायकचे वडील धावत आले आणि त्यांनी थेट माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे ओले होते.

"वहिनींनी सांगितलं आम्हांला सगळं," ते म्हणाले. "वडील बहीण एकटी एवढ्या लांब गाडी घेऊन येणार, हे तुम्हांला विमानतळावर पोचल्यावर बघवलं नाही. विमान सोडून तुम्ही तिच्याबरोबर आलात. अशी माणसं हल्ली कुठं मिळतात हो!"

मी सुनंदाकडं बघितलं. ती माझा कोट हातावर घेऊन शांत उभी होती. कार्य सुरू का झालं नाही, तेही तिनंच सांभाळलं होतं. "आमच्याकडं आत्यानं ओटी भरल्याशिवाय सुरुवात होत नाही," असं तिनं सहा वाजल्यापासून सांगून ठेवलं होतं. अशी काही रीत आमच्याकडं नाही. आता आहे.

व्याह्यांनी अक्काला विचारलं, "खरं ना, अक्का?"

अक्का नारळ पदरात धरून उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय की. लई जीव हाय त्याचा माज्यावर."

मला भरून आलं, आणि लाजही वाटली. आजोबांना आत खुर्चीत बसवलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांचा आहेर असा स्वतःच्या पायानं चालत येऊन त्यांच्यापुढं वाकला. त्यांनी धोतराच्या काठावर हात फिरवला आणि म्हणाले, "कापड उत्तम आहे. कुठं मिळतं हे?"

अक्कानं श्वेताची ओटी भरली. अंगठी सुनंदानं कोटातून काढून दिली. शेंगापोळीवर माणसं तुटून पडली. श्वेता माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "बाबा, खरं काय झालं?" मी म्हणालो, "नारळ." ती म्हणाली, "मला वाटलंच." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली, की लोकांना वाटलं मुलगी रडतेय, दोन बायकांनी डोळेही पुसले.

जेवणानंतर मला राहवेना. मी व्याह्यांना बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. नारळ, कोट, कडुनिंब, काचेवरच्या रेषा, ऊस, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "केलेलं बोलून दाखवायचं नाही, हा तर खरा मोठेपणा." आणि ही गोष्टही त्यांनी सगळ्या पाहुण्यांना सांगितली.

तेव्हापासून आम्ही तीनदा गोव्याला गेलो. लग्नाची बोलणी, लग्न, आणि एकदा नुसते बघायला. दर वेळी तिकीट काढताना सुनंदा म्हणते, "तुमचं काढू? पण मग व्याही काय म्हणतील? यंदा बहिणीला एकटीला सोडलं?" त्यामुळं तिन्ही वेळा ती विमानानं गेली, आणि मी मोठ्या मनाचा भाऊ असल्यामुळं पिकअपमधून, मांडीवर चटणीचा डबा घेऊन. विमानातल्या सीटा फार मऊ असतात, असं सुनंदा सांगते. ती म्हणते तर असतील.